अण्णाला सांगितलेला साहेब

इथे आयर्लंडमध्ये लोकांची एक पक्की समजूत आहे. वर्षभर पाऊस पडो, वारा सुटो, पण जूनमध्ये इथली बारावीची परीक्षा सुरू झाली की ऊन पडणारच. मुलं आत बाकांवर घाम पुसत बसणार आणि बाहेर सगळा देश अंगणात खुर्च्या टाकून बसणार. त्या परीक्षेला लीव्हिंग सर्ट म्हणतात, आणि त्या उन्हालाही लोक त्याच नावानं ओळखतात. गेल्या वर्षी महामारीमुळे परीक्षा झालीच नाही. ऊन मात्र आलं. लग्न मोडल्याचं न कळलेल्या पाहुण्यासारखं दारात येऊन उभं राहिलं बिचारं.

आज तसलंच ऊन आहे आणि माझ्या नातीचा, गार्गीचा, इतिहासाचा पेपर आहे. सकाळी तिच्या हातावर दही घातलं, तिनं ते नेहमीसारखं नाक मुरडून खाल्लं आणि गेली. मी मागच्या अंगणात चादरी वाळत घातल्यात. शेजारच्या ब्रीडानं कुंपणावरून बघून सांगितलं, आज वाळायला हवा छान आहे हो. इथे बायका एकमेकींना आनंदाची बातमी अशीच देतात. चादरींना वास लागलाय कापलेल्या गवताचा. मी त्यांच्या सावलीत खुर्ची ओढून बसलेय आणि मनात मात्र इतिहासाचा तो सबंध हिवाळा चाललाय.

तुम्ही म्हणाल, परीक्षा नातीची, हिचा काय संबंध? तर ऐका.

मी इथे, नास नावाच्या गावी, लेकीकडे आले ती चार-सहा महिन्यांसाठी. आले आणि विमानंच बंद झाली. नंतर ती सुरू झाली, पण माझी वृंदा इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तिच्या ड्युट्यांना धरबंध नव्हता; जावई वरच्या बारक्या खोलीत कॉम्प्युटरपुढे अडकलेला; घरात कुणीतरी हवं होतं. मग जावयालाच तो आजार झाला. प्रत्येक वेळी काही ना काही आडवं येत गेलं. आणि तिकडे मिरजेत माझा थोरला भाऊ, अण्णा, त्याचं हृदय दमत चाललेलं. पाय सुजायचे, जिना चढवत नसे. आमचे वडील लवकर गेले. मला शाळेत सायकलवरून सोडणारा, माझं लग्न करून देणारा, सगळा अण्णाच. मला बाकी काही नको होतं. तो आहे तोवर एकदा जाऊन त्याच्याजवळ बसायचं होतं. एवढंच. सगळं वर्ष मी तेवढ्या एका गोष्टीसाठी झुरत होते, आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

आता अण्णाबद्दल सांगायला हवं. त्याचं सायकलचं दुकान. पंक्चर काढायची, सायकली भाड्यानं द्यायच्या. आणि नाद एकच, नगरपालिकेची निवडणूक. चारदा उभा राहिला, चारी वेळा अपक्ष, चारी वेळा निशाणी कपबशी. एकदाच निवडून आला. निवडून आल्यावर यानं काय मागावं? भाजी मंडईजवळ बायकांसाठी मुतारी. खेड्यांतून पहाटे भाजी घेऊन आलेल्या बायका दिवसभर पाणी न पिता बसतात, हे त्यानं दुकानातून रोज बघितलेलं. पण आपल्या भिंतीला लागून मुतारी कुणाला हवी असते? पुढच्या निवडणुकीत गल्लीनंच त्याला पाडला. पोरं ‘मुतारी अण्णा’ म्हणून ओरडत जायची. वहिनी दार लावून घ्यायची, आणि हा बाहेर जाऊन त्याच पोरांच्या सायकलीत हवा भरून द्यायचा.

तर इथे सहावीत, म्हणजे आपली बारावी, इतिहास घेतला की प्रत्येकानं स्वतः एक विषय निवडून त्याचा अभ्यास करून निबंध लिहायचा असतो. गार्गीच्या वर्गातल्या सगळ्यांनी मोठमोठी माणसं निवडली. हिनं निवडला इंग्लंडचा एक खासदार, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला, ज्याचं नाव इथेही कुणी घेत नाही. तिच्या डोक्यात तो ब्रीडामुळे शिरला. ब्रीडाच्या आजीच्या गावातली दुधाची डेअरी शंभर वर्षांपूर्वी इंग्रज शिपायांनी जाळली. ती गोष्ट ब्रीडा काल घडल्यासारखी सांगते. शेवटी म्हणते, “पण तिकडे लंडनला युअर मॅन उभा राहिला आणि तोंडावर बोलला. त्यांच्यातला असून बोलला.” युअर मॅन म्हणजे तुमचा-आमचा कुणी नव्हे, इथे ‘तो गडी’ अशा अर्थानं म्हणतात. गार्गीनं त्या गड्याचा शोध घेतला, आणि तो निघाला कापडगिरण्यांच्या एका गावचा खासदार.

जावई म्हणाला, “अगं, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांच्या पुढाऱ्यांचा अभ्यास कसला करतेस?”

गार्गी टोस्टला लोणी लावत म्हणाली, “बाबा, दे रुल्ड एव्हरीवन. समबडी हॅज टु रीड देम.”

तिचं असं आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत, आणि तेही इथल्या हेलात. बोबडं बोलायच्या वयात इकडे आली, तिचा काय दोष.

मिरजेला फोन करायची वेळ ठरलेली. इथे दुपारचं जेवण, तिथे अण्णाचा संध्याकाळचा चहा. शाळा तेव्हा परत घरूनच चाललेली. मी फोन ब्रेडच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि पोळ्या लाटता लाटता बोलायची. एक दिवस गार्गी टेबलाशी बसून स्वतःशीच काही वाचत होती. अण्णाच्या कानावर त्यातला एकच शब्द गेला.

“इलेक्शन?” अण्णा उशीवरून उठून बसला. “कोण उभारलंय?”

“कुणी नाही रे, तिचा अभ्यास चाललाय.”

“अभ्यासात कोण उभारलंय ते विचार की.”

झालं. त्या दिवसापासून आमची रोजची बैठक सुरू झाली. गार्गी इंग्रजीत सांगायची, मी मराठी करून मिरजेला पोचवायची, अण्णाचे प्रश्न परत इकडे आणायची. त्या माणसाचं नाव माझ्या तोंडात कधी नीट बसलं नाही. अण्णा पहिल्या दिवसापासून त्याला ‘साहेब’ म्हणाला, तेच घरात राहिलं. वृंदासुद्धा हॉस्पिटलातून थकून आली की कोट काढता काढता विचारायची, “साहेब कुठवर आले?”

पहिल्या युद्धानंतर साहेब निवडून आला. सरकार त्याच्याच लोकांचं. असं असताना भर सभेत उठून म्हणाला, आयर्लंडमध्ये आपली माणसं गरिबांची घरं जाळतायत, मला याची लाज वाटते. पक्षानं डोळे वटारले.

“तिकीट कापलं असंल,” अण्णा म्हणाला.

गार्गीनं कागद चाळले. “यस. हाऊ डिड ही नो?”

“विचारतीय, तुला कसं कळलं?”

“तिला म्हणावं, मिरजेत राहिलीस तर तुलाही कळंल.”

मग तो विचारायचा असलं काही, की पोरीची तारांबळ उडायची. साहेबाची जात कुठली? त्याच्या वॉर्डात बहुमत कुणाचं? दुकानदार त्याच्या बाजूनं होते का? गार्गी आधी हसायची. म्हणायची, आजी, तिथे वॉर्ड नसतो, तिथे असं नसतं. मग दोन दिवसांनी स्वतःच येऊन सांगायची की दुकानदार विरोधात होते, आणि प्रार्थनामंदिरातली गरीब माणसं बाजूनं. अण्णा मान डोलवायचा, जणू त्यानं ती गल्ली पायानं तुडवलीय.

एकदा तिला साहेबाचा फोटो सापडला. दगडी रस्ता, मागे गिरणीची चिमणी, आणि हा बुटका माणूस सायकल धरून उभा. प्रचाराला सायकलवरून फिरायचा म्हणे. तिनं तो फोनवर पाठवला. आम्हाला वाटलं, अण्णा चेहऱ्याबद्दल काही बोलेल. तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बघत राहिला.

“चेन ढिली आहे,” म्हणाला. “असल्या चेननं चढाला जीव जातो माणसाचा.”

मला तो हिवाळा आठवतो तो असा. चार वाजता अंधारणारा दिवस, खिडकीच्या काचेवर वाफ, कढईत कांदा परतल्याचा वास, छतावर पावसाची तीच ती बारीक कुरकुर. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. आणि त्या बंद घरात, फोनच्या त्या हातभर उजेडात, मिरजेचा कुकर शिट्टी द्यायचा, खालून कोथिंबीरवाली ओरडत जायची, आणि कुठल्या तरी थंड गिरणगावात साहेब सायकल दामटत असायचा. माणूस एका जागी अडकला की मन कुठे कुठे घर करतं बघा. मी तेव्हा तीन गावांत राहत होते.

साहेबानं पक्ष बदलला, परत निवडून आला. अण्णाला पक्ष बदलणं आवडलं नाही. “अपक्ष राहायचं होतं,” म्हणाला. पुढे साहेबाला सरकारात छोटंसं पद मिळालं. त्या दिवशी अण्णा असा खूश झाला, की वहिनीला त्यानं दुसरा चहा करायला लावला. पण काही महिन्यांतच मंदी आली, गिरण्या बंद पडल्या, आणि सरकारनं ठरवलं की बेकारांना मिळणारा भत्ता कापायचा. साहेब म्हणाला, मी यावर सही करणार नाही, आणि पद सोडून घरी गेला.

मी हे मराठीत सांगितलं आणि अण्णानं फोन जवळ ओढला.

“स्वतःहून सोडली? खुर्ची?”

“हो.”

“कुणी काढलं नाही?”

“नाही रे. स्वतःहून.”

“मग त्याच्या बायकोला काय वाटलं असंल...”

मागून वहिनीचा आवाज आला, “मला विचारा की. मी सांगते काय वाटतं ते.”

अण्णा हसायला लागला, हसता हसता धापला, वहिनीनं फोन आडवा ठेवून त्याला पाणी दिलं. आम्हाला नुसतं मिरजेच्या घराचं छत दिसत होतं आणि ती धाप ऐकू येत होती. गार्गीनं माझा हात धरला. पिठाचा हात, तसाच धरला. फोन बंद झाल्यावर म्हणाली, “आजी, यू नीड टु गो.” मी म्हटलं, जायचंच आहे गं बाळा. तुझा बाबा जरा उठू-बसू लागला की जाते.

साहेबाची शेवटची निवडणूक तिनं बरेच दिवस सांगितलीच नाही. अण्णा रोज विचारायचा, पुढं काय झालं? ही म्हणायची, अजून वाचतेय. खरं म्हणजे सगळं वाचून झालेलं होतं. निबंध लिहून झाला होता, फक्त शेवटचं पान राहिलं होतं. शेवटी मीच विचारलं. तर म्हणाली, साहेब हरला. नुसता हरला नाही, वाईट हरला, त्याच्या गल्लीनंसुद्धा मतं दिली नाहीत. परत उभा राहिला, परत हरला. मग दुसरं महायुद्ध आलं आणि लोक त्याला विसरून गेले. “आय कान्ट टेल हिम दॅट, आजी. लुक ॲट हिम.”

त्या दिवशी फोन लागला आणि आमचे दोघींचे चेहरे बघूनच अण्णा म्हणाला, “हरला ना?”

गार्गी कागद चाळायला लागली.

“अगं, सांग की. हरलेल्याला हरल्याचं सांगायला काय भ्यायचं?”

मग ती जे बोलली ते मराठीत बोलली. अडखळत, एकेक शब्द शोधत, पण माझ्याकडे न बघता. “अण्णाआजोबा, मला लिहायचं आहे शेवट. टीचर म्हणतात, ठरव. त्याचं काम, म्हणजे सगळं, वाया गेलं का?”

अण्णानं विचार केला. चहाची बशी दोन्ही हातांनी धरून तो बसला होता, तशीच धरून राहिला.

“ते आयर्लंड सुटलं का नाही?” त्यानं विचारलं.

“सुटलं. मी आयर्लंडमध्येच आहे ना.”

“मग झालं की. मंडईत मुतारी झाली का नाही? झाली. मला पाडून जो आला त्यानं बांधली. पाटी त्याच्या नावाची आहे.” बशीतला घोट घेऊन म्हणाला, “बाया पाटी वाचायला जात नाहीत तिथं.”

वहिनी तिकडे तोंडाला पदर लावून हसली, मी इकडे. गार्गीला मुतारी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तेही अण्णानंच हातवारे करून समजावलं. त्यानंतर मी बघत आले, दुपारी मी पोळ्यांना लागायच्या आत फोन ती लावून बसलेली असायची. तो जुन्या मॅट्रिकच्या इंग्रजीत बोलायचा, ही मोडक्या मराठीत. कधी कधी मला विचारायचंही नसे त्यांना काही. मी प्रेसमधून, म्हणजे इथल्या कपाटातून, डाळीचा डबा काढता काढता ऐकत राहायची. तो मला फोनवर म्हणाला, तुझी नात ग्रँड आहे. हा शब्द तिनंच त्याला दिलेला.

एप्रिलमध्ये जावई बरा झाला आणि आम्ही तिकीट काढलं. बॅग भरली. अण्णासाठी गरम मोजे घेतले, सुजलेल्या पायाला बसतील असे, मोठ्या मापाचे. आणि त्याच आठवड्यात तिकडच्या बातम्या यायला लागल्या. काय त्या बातम्या, सगळ्यांनीच बघितल्यात, मी नव्यानं सांगत नाही. तरी मी हट्ट धरून बसले होते. वृंदा रडली, भांडली, मी ऐकेना. मग अण्णाचा फोन आला. त्यानं स्वतः लावलेला.

“येऊ नकोस,” म्हणाला.

“तू नको सांगूस मला.”

“मी नाही तर कोण सांगणार? इथं येऊन आजारी पडलीस तर तुला खाट मिळायची नाही. माझ्या देखत तुला काही झालेलं मला चालणार नाही. पोरीची परीक्षा होऊ दे. बस तिथंच.”

त्यानं मला आयुष्यात फारशा आज्ञा केल्या नव्हत्या. मी बॅग उघडली आणि एकेक वस्तू परत जागेवर ठेवली. मोजे तेवढे उशीखाली ठेवून घेतले.

मे महिन्यात इथे हॉथॉर्नची झुडपं फुलतात. रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या होतात, वास थोडा उग्र, थोडा गोड. पहाटे सुहासचा, माझ्या भाच्याचा, फोन आला तेव्हा खिडकीतून तो वास येत होता. अण्णा सकाळी नाश्ता करून पडला होता, तसाच गेला. कुणाला त्रास नाही, हॉस्पिटल नाही. सुहास म्हणाला, “आत्या, दुपारी नेतोय. माणसं न्यायला परवानगी नाही फारशी. आम्ही घरचे चौघंच.”

मी फोन ठेवला. पण मला ते चौघंच टोचत राहिलं. जो माणूस मिरजेच्या त्या गल्ल्यांमधून जन्मभर दारोदार फिरला, कुणाच्या मयताला गेला नाही असं झालं नाही, त्याच्या मागे चालायला चार माणसं. आणि मी त्या चारांतही नाही.

गार्गीनं कुंपणावरून ब्रीडाला सांगितलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. ब्रीडानं छातीवर क्रूस केला, मग तिला विचारलं, किती वाजता नेणार? आपल्या वेळेनं किती? आणि ‘राइट सो’, म्हणजे ‘बरं तर’, म्हणून ती घरात न जाता सरळ फाटकाबाहेर पडली.

दुपार व्हायच्या आत सुहासनं व्हिडिओ लावला. शववाहिकेत ठेवलेला फोन, मास्क लावलेली चार तोंडं, पांढऱ्यात गुंडाळलेला माझा भाऊ. तेवढ्यात गार्गी म्हणाली, “आजी, बाहेर ये.”

“आत्ता?”

“आत्ताच. फोन घेऊन ये.”

मी दारात आले आणि थांबले. आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी घरं आहेत, एकसारखी, पुढे छोटं फाटक. प्रत्येक फाटकाशी माणसं उभी होती. आपापल्या दारात, अंतर राखून. समोरचे म्हातारे गृहस्थ काठी टेकून आणि टाय लावून. पोलिश बाई कडेवर बाळ घेऊन. ज्यांना मी वर्षभरात नुसती मान हलवली होती तीही. गार्गीनं हळूच सांगितलं की या वर्षभरात इथे मयताला जायला बंदी होती, म्हणून लोक असंच करतात. गाडी जायच्या वेळी आपल्या फाटकाशी येऊन उभे राहतात.

“पण इथून गाडी कुठे जाणार आहे?” मी म्हटलं.

“ब्रीडा म्हणाली, त्यानं काही फरक पडत नाही.”

रस्ता रिकामा होता. तेवढ्यात कोपऱ्यावरून पार्सल पोचवणारी एक व्हॅन वळून आली. ड्रायव्हरनं दोन्ही बाजूंना उभी माणसं पाहिली, व्हॅन कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. कोण गेलं, कुठली गाडी, त्यानं काही विचारलं नाही. त्या जागी जे जायचं होतं, त्याला जाऊ देण्यासाठी तो थांबला.

गार्गीनं माझ्या हातातून फोन घेतला, कॅमेरा रस्त्याकडे वळवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत नेला.

तिकडे सुहासचा आवाज आला. “आत्या, कोण आहेत हे सगळे?”

“शेजारी आहेत,” मी म्हटलं. “अण्णासाठी आलेत.”

मग पडद्यावर सगळं हललं, गाडीचं छत दिसलं, एक हात दिसला, आणि सुहासनं आपल्या फोनचा पडदा खाली, अण्णाच्या चेहऱ्यासमोर नेऊन धरला, आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.